आई-बाबा होण्याचं योग्य वय कोणतं? आणि त्या वयाच्या आधीच झालेल्यांचं काय?

उंबरझाड

परवा रात्री लेकीने विचारलं, "आई, मूल होऊ द्यायला बरोबर वय कोणतं गं?" ती २१ वर्षांची आहे आणि मी ३८. म्हणजे तिच्या जन्माच्या वेळी मी १७ ची होते. तिला हे लहानपणापासून माहीत आहे, आमच्यात त्याचा आडपडदा नाही. तरी मला पटकन उत्तर देता आलं नाही. "विशीच्या आत नको आणि पस्तिशीच्या फार पुढे ढकलू नको," एवढं बोलले आणि दिवा घालवला. झोप मात्र लागली नाही. म्हणून हा धागा.

आधी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. माझं पुढे बरं झालं. शिकले, नोकरी लागली, लेक माणसांत रमणारी निघाली. म्हणून सतराव्या वर्षी आई होणं चालतं, असं मी म्हणणार नाही. मुळीच नाही. माझ्या अंगातलं रक्त त्या वर्षी इतकं उतरलं होतं की जिन्याच्या सहाव्या-सातव्या पायरीवर बसावं लागायचं. बाळंतपणानंतर ताप आला आणि आठ दिवस मला माझं बाळ नीट आठवत नाही. शाळेने सांगितलं होतं की वर्गात बसू नको, इतर मुलींच्या मनावर परिणाम होईल. परीक्षेला तेवढं बसू दिलं.

ती परीक्षा सांगते. लेक सात आठवड्यांची होती. विज्ञानाचा पेपर. दुसरा तास सुरू असताना बाहेर रस्त्यावर कुणाचं तरी बाळ रडलं. माझं नव्हतं, माझं घरी होतं. पण अंगाला ते कुठे कळतं? पान्हा फुटला. गणवेशाची पुढची बाजू बघता बघता ओली झाली. मी लिहायचं पॅड छातीशी धरलं आणि उत्तरपत्रिका मांडीवर घेऊन लिहायला लागले. अक्षर वेडंवाकडं यायला लागलं. पर्यवेक्षक बाई फेरी मारत माझ्यापाशी आल्या, थांबल्या. आता बाहेर काढतात, असं वाटून मी पेन खाली ठेवलं. त्यांनी खांद्यावरची शाल काढली, माझ्या अंगावरून पुढे घेतली, पॅड परत बाकावर ठेवलं आणि म्हणाल्या, "लिही." मी पास झाले.

दुसरं माणूस म्हणजे शेजारच्या काकू. नात्याच्या नाहीत. रोज दुपारी दोन ते पाच त्या लेकीला घेऊन जायच्या. त्या तीन तासांत मी अभ्यास करायचे, कधी नुसती झोपायचे. दोन वर्षं हे चाललं. आज कुणी "तू किती जिद्दीची" म्हणालं की मला त्या काकूंचं दार आठवतं. जिद्द तर माझ्यासारख्या सगळ्याच मुलींमध्ये असते. दोन ते पाच ही वेळ सगळ्यांना मिळत नाही.

म्हणून मला इथे दोन वेगळे प्रश्न विचारायचे आहेत. ते एकमेकांत मिसळले की भांडण होतं. पहिला, ज्यांना अजून निवडता येतंय त्यांनी कोणतं वय निवडावं? दुसरा, ज्यांची निवड होऊन गेली किंवा निवड अशी नव्हतीच, त्यांच्याशी आपण कसं वागावं? पहिल्याचं उत्तर "लवकर नको" असं आलं की लोक तेच उत्तर दुसऱ्या प्रश्नालाही चिकटवून मोकळे होतात, असा माझा अनुभव आहे.

तुमचं काय? मनापासून लिहा. ज्यांनी मूल होऊ न देण्याचं ठरवलं आहे त्यांनीही लिहा.

शांतपाणी

शालीपाशी डोळे भरून आले. मी २६ व्या वर्षी आई झाले. परत निवडता आलं तर २९ निवडेन. शरीराची तक्रार नव्हती. पण आम्ही दोघं तेव्हा एकमेकांशी भांडायलाही नीट शिकलो नव्हतो, आणि मूल झाल्यावर शिकायला वेळ उरला नाही. बाकी सवडीने लिहिते.

प्रसूतीकक्ष

मी २२ वर्षं प्रसूतीशास्त्रात काम करते आहे. पहिल्या प्रश्नाला शरीराच्या बाजूने उत्तर देते.

पाळी सुरू झाली म्हणजे शरीर तयार झालं, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे आणि ती चुकीची आहे. पाळी सुरू झाल्यावरही कटिराची, म्हणजे कमरेखालची, हाडं पुढे काही वर्षं वाढत असतात. उंची वाढायची थांबते तेव्हासुद्धा ती वाढ पूर्ण झालेली नसते. त्यामुळे फार लहान मुलींमध्ये बाळाचं डोकं अडतं. वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर तासन्‌तास दाबल्या गेलेल्या ऊतीला छिद्र पडतं आणि लघवीवरचा ताबा जातो. याला फिस्टुला म्हणतात. अशा मुली घराबाहेर पडणं सोडतात.

दुसरं, जी मुलगी स्वतःच वाढते आहे तिच्यात आणि बाळात पोषणाची ओढाताण होते. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहरात १९९० च्या दशकात यावर काम झालं. अजून उंची वाढत असलेल्या मुलींचं गरोदरपणात वजन चांगलं वाढलं, तरी त्यांची बाळं कमी वजनाची निघाली. आईचं शरीर वाढीसाठीचा साठा सोडत नाही, असा त्याचा अर्थ. उंबरझाडताई, तुमच्या त्या सहाव्या पायरीचं कारण यात असणार.

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय म्हणते. या वयातल्या मातांना २० ते २४ वयाच्या मातांपेक्षा गरोदरपणातले झटके, बाळंतपणानंतर गर्भाशयाला होणारा संसर्ग आणि अंगभर पसरणारा संसर्ग यांचा धोका जास्त असतो. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याची शक्यताही जास्त. पण चौदा आणि एकोणीस यांना एकाच मापाने मोजू नका. पंधरा-सोळाच्या आत शरीराचा धोका फार मोठा असतो. अठरा-एकोणिसाव्या वर्षी, वेळेवर तपासणी झाली आणि रक्त कमी नसलं, तर तो बराच खाली येतो. अडचण अशी की याच मुली सगळ्यात उशिरा येतात. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. फॉलिक ॲसिड त्याच्या आधीपासून पोटात जायला हवं. माझ्याकडे पाचव्या महिन्यात आलेल्या मुलीला मी ती गोळी देते तेव्हा नळीसाठीची वेळ केव्हाच टळलेली असते. ती उशिरा का आली? घरी सांगायची भीती वाटत होती म्हणून. भीतीचेही शारीरिक परिणाम असतात ते असे.

आता दुसरं टोक. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत १० ते २० लाख अपक्व बीजं असतात, वयात येताना तीन ते पाच लाख उरतात, आणि नवीन तयार होत नाहीत. विशीत आणि तिशीच्या सुरुवातीला दर महिन्याला गर्भ राहण्याची शक्यता साधारण चारात एक असते, चाळिशीला दहात एक. डाउन सिंड्रोमची शक्यता विसाव्या वर्षी साधारण दीड हजारात एक, पस्तिसाव्या वर्षी साडेतीनशेत एक, चाळिसाव्या वर्षी शंभरात एक. नॉर्वेतल्या नोंदींवर आधारलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गर्भपाताचं प्रमाण २५ ते २९ वयात सर्वांत कमी, सुमारे १० टक्के होतं, आणि पंचेचाळिशीनंतर निम्म्याहून जास्त.

एकच आकडा मागाल तर शरीर पंचवीसच्या आसपास बोट ठेवेल. पण विशीच्या सुरुवातीपासून बत्तीस-तेहेतीसपर्यंतचा पट्टा बराच सपाट आहे. त्यात दोन-तीन वर्षं इकडेतिकडे झाली म्हणून कुणी रात्रीची झोप घालवू नये. पस्तिसाव्या वाढदिवसाला दार धाडकन बंद होतं असंही नाही, ते हळूहळू लोटलं जातं.

शांतपाणी

सपाट पट्टा ही कल्पना फार दिलासा देणारी आहे. माझ्या धाकट्या बहिणीला हे वाचायला देते. ती २९ ची आहे आणि तिला रोज कुणीतरी घड्याळ दाखवतं.

निळीशाई

मी ३९ व्या वर्षी, टेस्ट ट्यूबच्या चौथ्या प्रयत्नात आई झाले. लेक आता पाच वर्षांचा आहे.

१९७८ मध्ये इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊनचा, जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचा, जन्म झाला, तेव्हापासून या तंत्राने किती घरांत पाळणा हलला! मी त्याची ऋणी आहे. पण एक गोष्ट मला ३४ व्या वर्षी कुणीतरी बसवून सांगायला हवी होती. हे तंत्र बंद बीजनळीला वळसा घालू शकतं, बीजाचं वय कमी करू शकत नाही. चाळिशीच्या बाईला पंचविशीच्या दात्रीचं बीज दिलं तर यशाचं प्रमाण पंचविशीच्या जवळ जातं. घड्याळ गर्भाशयापेक्षा बीजात जास्त असतं. बीजं गोठवून ठेवायची सोयही आहे. अमेरिकेतल्या प्रजननवैद्यकाच्या संस्थेने २०१२ मध्ये तिच्यावरचा "प्रायोगिक" हा शिक्का काढला. पण गोठवतानाचं वय तेच राहतं. ३८ व्या वर्षी गोठवलेलं बीज ३८ चंच.

तिसऱ्या प्रयत्नानंतरची एक सकाळ आठवते. निकाल नकारार्थी आला होता. त्याच दिवशी रुग्णालयाच्या बाकावर माझ्या शेजारी एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी आईबरोबर बसली होती, पोट दिसत होतं. मला तिचा राग आला. खरंच आला. हिला नको असताना मिळालं, असं मनात आलं. मग तिने मला विचारलं, "ताई, खूप दुखतं का हो?" मला काहीच अनुभव नव्हता. मी तिचा हात धरला. इतका गार हात मी कधी धरला नव्हता. तिची आई दुसरीकडे बघत बसली होती.

आज उंबरझाड यांचा दुसरा प्रश्न वाचला आणि तो हात आठवला.

हिशेबी

लेखन आवडलं, पण थोडा विरोध नोंदवतो. भावनेच्या भरात आपण आकडे विसरू नयेत. २०१९ च्या अंदाजानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये वर्षाला सुमारे २ कोटी १० लाख गर्भधारणा झाल्या, त्यांतल्या जवळपास निम्म्या अनपेक्षित. सुमारे १ कोटी २० लाख प्रसूती. या मुली शाळा सोडतात, त्यांची कमाई कमी राहते, त्यांच्या मुलांचं शिक्षणही मागे पडतं. उंबरझाड यांची कथा अपवाद आहे. अपवादाला फार गौरवलं तर तरुण मुलींना चुकीचा संदेश जातो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. मला दोन मुली आहेत, एक चौदा वर्षांची.

पाऊलवाट

हिशेबी, तुमची काळजी समजते. मी समाजशास्त्र शिकवते, म्हणून या "म्हणून" बद्दल लिहिते. लहान वयात आई झाली म्हणून गरीब राहिली, की गरीब होती म्हणून लहान वयात आई झाली आणि गरीबच राहिली?

हे उलगडायला अर्लीन जेरोनिमस आणि सँडर्स कोरेनमन यांनी अमेरिकेत सख्ख्या बहिणींची तुलना केली. त्यांचा लेख १९९२ मध्ये आला. एकाच घरातल्या दोन बहिणी, एक विशीच्या आत आई झालेली, दुसरी नंतर. बाहेरून बघताना जो प्रचंड फरक दिसत होता तो बहिणी-बहिणींत पुष्कळच कमी निघाला. म्हणजे नुकसानीचा मोठा भाग बाळाच्या आधीपासून त्या घरात होता. त्यांच्यावर टीका झाली, नंतरच्या अभ्यासांत फरक कमीजास्त आला, आणि नुकसान शून्य आहे असं कुणी जबाबदारीने म्हणत नाही. पण सगळं खापर वयावर फोडता येत नाही, एवढं त्यातून पक्कं झालं.

उशिराच्या बाजूलाही असाच गुंता आहे. स्वीडनमधल्या नोंदी वापरून किरन बार्कली आणि मिक्को मिर्स्किला यांनी २०१६ मध्ये दाखवलं की एकाच आईची उशिरा झालेली मुलं जास्त शिकली आणि उंचही झाली. कारण ती नंतरच्या, सुधारलेल्या काळात जन्मली. आईचं वय वाढल्याचा शारीरिक तोटा काळाच्या प्रगतीने भरून निघाला. म्हणजे इथेही "वय" या शब्दाखाली दुसरंच काहीतरी काम करत होतं.

आणि गौरव करू नये म्हणता, तर उंबरझाड यांनी स्वतःचा गौरव कुठे केला आहे? शालीचा आणि काकूंचा केला आहे.

सुकाणू

मी बाप झालो तेव्हा १८ वर्षं ४ महिन्यांचा होतो. या विषयावर आजवर मला कुणी काही विचारलेलं नाही, म्हणून लिहितोय.

ती प्रसूत होत असताना मी बाहेर उभा होतो. आत बोलावलं नाही ते समजू शकतो. पण बाळ बघायला मला तिसऱ्या दिवशी मिळालं. तिच्या घरच्यांना माझा राग होता, माझ्या घरच्यांना माझी लाज. दोन्ही साहजिक. पण सगळ्यांनी धरून चाललं होतं की हा पळणार. मला पळायचं नव्हतं. मला कुणीतरी सांगायला हवं होतं की बाळाची मान कशी धरायची. ते मला एका परिचारिकेने शिकवलं. माझा डावा तळहात उलटा केला, त्यावर बाळाचं डोकं टेकवलं आणि म्हणाली, "आता हात थरथरला तरी चालेल, डोकं हलणार नाही." मी तसाच बसून राहिलो, हात बधिर झाला तरी.

आम्ही दोघं आज एकत्र नाही. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, आठवड्यातले चार दिवस माझ्याकडे असतो. त्याच्याशी मी या सगळ्याबद्दल मोकळेपणाने बोलतो. गर्भनिरोधनाबद्दलही. माझ्याशी कुणी बोललं असतं तर तो आज जन्मलेला नसता, आणि हे वाक्य लिहिताना माझ्या छातीत कळ येते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

हिशेबी

सुकाणू, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा आधीचा प्रतिसाद तसाच ठेवतो, कारण मुलींची काळजी खोटी नव्हती. पण "अपवाद" हा शब्द मागे घेतो.

जुनीवही

पुरुषांच्या वयाबद्दल सहसा कुणी बोलत नाही, म्हणून भर घालतो. पुरुष कधीही बाप होऊ शकतो असं आपण सहज म्हणतो. आइसलँडमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, २०१२ मध्ये, असं दिसलं की बापाचं वय एका वर्षाने वाढलं की बाळात साधारण दोन नवे जनुकीय बदल जास्त उतरतात. विशीच्या बापाकडून सुमारे २५, चाळिशीच्या बापाकडून सुमारे ६५. बहुतेक निरुपद्रवी असतात, पण स्वमग्नता आणि स्किझोफ्रेनियाचा धोका बापाच्या वयाबरोबर किंचित वाढतो त्याचं एक कारण हे मानलं जातं.

मी ४४ व्या वर्षी बाप झालो. लेक आता दहा वर्षांची. तिला मी पुरेसा वेळ देतो, तिशीतल्या मला हे जमलं नसतं. पण मनात एक हिशेब सतत चालू असतो. ती तिशीची होईल तेव्हा मी ७४ चा. तिच्या मुलांना मी बोट धरून चालवेन का? मी माझ्या वडिलांना उशिरा झालो होतो, आणि त्यांनी माझी लेक पाहिली नाही. उशिरा मूल म्हणजे आजी-आजोबांची वर्षं त्याच्या वाट्यातून वजा होतात. हे आधी लक्षात आलं नव्हतं.

धुकं

मी बाजू घेणार नाही, फक्त सांगतो.

माझी आई सोळाव्या वर्षी आई झाली. मला ते बारा वर्षांचा होईपर्यंत माहीत नव्हतं. आजीला मी आई म्हणायचो आणि आईला ताई. घरच्यांनी हे तिच्या भल्यासाठी ठरवलं होतं, तिचं शिक्षण व्हावं, पुढचं आयुष्य अडू नये. झालंही तसंच, ती शिकली. मला दोघींनी जिवापाड वाढवलं. पण "ताई" मला झोपवायला यायची आणि दिवा मालवल्यावरही बराच वेळ दारात उभी राहायची. मला वाटायचं, हिला अंधाराची भीती वाटते.

कळलं तेव्हा मी तिच्यावर चिडलो नाही. आजीवर चिडलो. आता मीही बाप आहे, ३१ व्या वर्षी झालो, आणि आजीवरचा राग गेला आहे. तिच्याकडे दुसरा मार्ग कुणी ठेवला नव्हता. मदत हवी असेल तर आधी नातं लपवावं लागेल, अशी ती व्यवस्था होती. मूल सांभाळायला कुणीतरी हवंच, पण सांभाळणाऱ्याने आईची जागा घ्यावी लागू नये. उंबरझाड, तुमच्या काकू पाच वाजता बाळ परत आणून द्यायच्या. त्यातलं "परत" मला फार मोठं वाटतं.

उंबरझाड

धुकं, तुमचा प्रतिसाद वाचून मी लेकीला उठवलं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तिला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण माझ्याच खोलीत झोपली.

काकू पाचला पाच मिनिटं असताना दाराशी यायच्या. लेक त्यांच्या खांद्यावर झोपलेली असली तरी आणायच्या. "तुझी पोर घे," म्हणायच्या. मी कधीकधी वैतागायचे, की झोपलीय तर राहू द्या ना. आज कळतंय.

पाऊलवाट

अवांतर नाही, म्हणून लिहिते. काकूंचं जे काम उंबरझाड सांगतात ते ठरवून केलं तर काय होतं, हे डेव्हिड ओल्ड्स यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मिरा गावात १९७० च्या दशकाच्या अखेरीस तपासलं. पहिलटकरणी, त्यांतल्या बऱ्याच विशीच्या आतल्या, एकट्या किंवा गरीब. गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत एक परिचारिका नियमित घरी जायची. पंधरा वर्षांनी पाहिलं तर या घरांत मुलांना मारहाण किंवा हेळसांड झाल्याच्या नोंदी कमी होत्या. एकट्या, गरीब आयांची पुढची बाळंतपणंही कमी झाली होती.

प्रतिबंधाचंही उदाहरण आहे. इंग्लंडने १९९९ मध्ये किशोरवयीन गर्भधारणेबाबत दहा वर्षांचं धोरण आखलं. शाळेत लैंगिक शिक्षण, तरुणांना न लाजता जाता येईल अशी केंद्रं, आणि ज्या आधीच आई झाल्या आहेत त्यांना शिक्षणात परत आणणं, हे सगळं एकत्र. १९९८ ते २०१८ या काळात अठराखालच्या गर्भधारणांचं प्रमाण ६० टक्क्यांहून जास्त घटलं. सगळं श्रेय धोरणाचं नसेल. जगभरही दर हजार मुलींमागे (१५ ते १९ वर्षं) प्रसूतींचं प्रमाण २००० मध्ये ६४.५ होतं ते २०२३ मध्ये ४१.३ वर आलं आहे. पण उंबरझाड यांनी वेगळे केलेले दोन प्रश्न तिथे एकाच योजनेत सोडवायला घेतले होते, आणि एकाचं काम दुसऱ्याच्या आड आलं नाही.

पहिलीपायरी

नमस्कार. आजच सदस्य झाले. चार दिवस हा धागा वाचतेय.

मी १८ वर्षं ७ महिन्यांची आहे. चौथा महिना चालू आहे. मूल ठेवायचं आम्ही दोघांनी ठरवलं आहे, कुणाची जबरदस्ती नाही. घरी कालच सांगितलं. आई बोलत नाहीये. अजून एकदाही डॉक्टरकडे गेले नाही. तिथे ओरडतील असं वाटतं. आधी काय करू?

प्रसूतीकक्ष

बाळा, उद्या जा. परवा नको, उद्या. कुणी ओरडलं तर ऐकून घे आणि तपासणी करूनच बाहेर पड. पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरकडे जाता येतं, पण उद्याची तपासणी हातची जाऊ देऊ नको.

रक्तदाब, वजन, लघवीची तपासणी. रक्तात हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, आणि एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी. अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान बाळाची सविस्तर सोनोग्राफी असते, तिची तारीख घेऊनच ये. लोहाची गोळी सुरू करतील. कॅल्शियमही देतील. दोन्ही एकाच वेळी घेऊ नको, मध्ये काही तासांचं अंतर ठेव, नाहीतर लोह अंगी लागत नाही. शेवटच्या पाळीची तारीख आठवून कागदावर लिहून ने, तिथे गेल्यावर सुचत नाही.

आणि हे पाठ कर. रक्त जाणं, पाणी जाणं, ताप, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, चेहरा आणि हात एकदम सुजणं. यातलं काहीही झालं तर वेळ कोणतीही असो, थेट रुग्णालयात. पुढे बाळाची हालचाल जाणवायला लागल्यावर ती कमी वाटली तरीही.

सुकाणू

त्याला बरोबर ने. तो बाहेर थांबायला लागला तर आत ओढ.

उंबरझाड

आई बोलेल. माझी आई अकरा दिवस बोलली नव्हती. बाराव्या दिवशी तिने माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, तरी बोलली नाही. तेराव्या दिवशी विचारलं, "गोळी घेतलीस का?"

शिक्षण कुठे थांबलंय ते लिही. कोणती परीक्षा आहे, केव्हा आहे. बाळंतपणाच्या तारखेच्या आसपास येत असेल तर पुढच्या सत्राला बसता येतं का, ते आत्ताच विचारून ठेव, लेखी विचार. आणि तुझ्या आजूबाजूला असं कोण आहे, जे दुपारी दोन ते पाच बाळ घेईल आणि परत आणून देईल? आत्तापासून शोधायला लाग. एका माणसाला विचारून नाही मिळालं तर दुसऱ्याला विचार. मी विचारायला लाजले होते, काकू आपणहून आल्या. तू विचार.

उद्या काय झालं ते इथे लिही. मी वाट बघतेय.

पहिलीपायरी

जाऊन आले. कुणी ओरडलं नाही. एक बाई थोडं बोलल्या, पण रक्त काढताना त्यांनीच डोक्यावरून हात फिरवला.

रक्तदाब बरोबर आहे. हिमोग्लोबिन ९.२. कमी आहे म्हणाले, गोळी दिली, चार आठवड्यांनी परत तपासायचं. सोनोग्राफीची तारीख मिळाली. तो आत आला होता, ठोके दोघांनी ऐकले.

परीक्षा बाळंतपणाच्या तारखेनंतर पाच आठवड्यांनी आहे. चौकशीचं पत्र लिहिलंय, अजून दिलं नाही. कुणी एकदा वाचून बघेल का? इथे टाकू की निरोपातून पाठवू?

शांतपाणी

निरोपातून पाठव. नाव, पत्ता, शाळा काहीही इथे उघड लिहू नकोस. मी आत्ता ऑनलाइन आहे, लगेच वाचते.